डॉयल प्रुइटचा चहाडखोर

अमेरिकेतल्या ओझार्कच्या डोंगरात मोटरसायकलवाल्यांच्या प्रत्येक टोळक्यात एक गाडी पुढची असते, बाकीच्या मागच्या. पुढचा माणूस कोण, हे कोणी मतं घेऊन ठरवत नाही. एखाद्या शनिवारी कोणीतरी आधी निघतं, बाकीचे त्याच्यामागे लागतात आणि मग जन्मभर तेच चालू राहतं. आमच्या गावात तो माणूस डॉयल प्रुइट होता. सॉ मिलमध्ये करवतींना धार लावण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली, पण लोक त्याला ओळखायचे ते पुढच्या गाडीवरचा डॉयल म्हणून.

पुढच्याच्या गाडीवर रडार डिटेक्टर लागतो. साबणाच्या वडीएवढी डबी. वळणाआड पोलीस वेग मोजत बसला असेल, तर त्याच्या यंत्राची लहर हिला आधीच कळते आणि ही किंचाळायला लागते. आमच्याकडे तिला चहाडखोर म्हणतात. ती किंचाळली की डॉयल डाव्या हाताने हेल्मेटवर थाप मारायचा. मागचा त्याच्या मागच्यासाठी मारायचा, आणि सगळी रांग वेग उतरवून, चर्चला निघाल्यासारखी पोलिसासमोरून जायची. हे काही पुण्यकर्म नव्हे. पण आमच्या राज्यात ती डबी कायद्याला चालते, आणि ज्याला त्या वळणांवर ताशी पंचावन्न मैलांच्या आत राहवतं त्याने मोटरसायकल घ्यावीच कशाला?

डॉयलची थाप कधी चुकत नसे. गेल्या पानगळीत ती चुकली. जुन्या पुलापाशी पोलीस झाडाखाली गाडी लावून बसला होता. डॉयल त्याच्यासमोरून सुसाट गेला, आणि मागची टेस सापडली. टेस बिचारी दातांच्या दवाखान्यात नोकरी करणारी, कोणाच्या अध्यातमध्यात नसणारी बाई. तिने हसून सोडून दिलं. डॉयलला मात्र ते हसू फार लागलं.

"डबीच म्हातारी झाली असेल," त्याचा मित्र लोनी म्हणाला. लोनी टपाल वाटून निवृत्त झालेला. इतकी वर्षं डॉयलच्या मागची दुसरी गाडी त्याचीच.

डॉयलने ते लगेच धरलं. घरी येऊन डबी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली, चाचणीचं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून त्याची बायको जोनेल ओरडली, "अरे बंद कर ते! कुत्रं वेडं होईल माझं!"

डबी ठणठणीत होती. डॉयलने ती हातात घेतली, कानाशी नेली. तिचा दिवा लुकलुकत होता आणि ती मुकी होती. आधी करवतींनी आणि मग हेल्मेटमधल्या वाऱ्याने त्याच्या कानांतले बारीक आवाज नेमके कुरतडून नेले होते. माणसांचं बोलणं अजून येत होतं, तेही समोरून आणि जरा मोठ्याने असलं तर. डॉयल घाबरला. कान गेले म्हणून नव्हे. थाप गेली, तर पुढची जागा गेली. आणि ती गेली, तर शनिवारी सकाळी उठायचं कशासाठी?

जोनेलला त्याने एवढंच सांगितलं, की नवीन डबी घ्यावी लागणार.

"अजून एक डबडं? घे बाबा, घे. मला काही आणू नकोस, त्या गाडीलाच नटव."

मोटरसायकलच्या सामानाचं दुकान गार्लंडचं. तिथे कपाटभर चहाडखोर होते. डॉयल त्यांच्यासमोर उभा राहिला, चष्मा लावला आणि भाजी निवडावी तसा एकेक उचलू लागला. पावसात कुठला टिकतो, खडबडीत रस्त्यावर कुठला सैल होत नाही, शेजारच्या मोटारीच्या यंत्रांना बघून उगाच बोंबलत कुठला नाही, सगळं विचारलं. जे विचारायचं होतं तेवढं सोडून.

"आवाज कसा आहे याचा?" शेवटी तो म्हणाला.

गार्लंडने एक डबी उचलून त्याच्यासमोर धरली. डॉयलने डोळे बारीक केले, मान हलवली. "हं. हा खणखणीत आहे. हाच दे."

गार्लंडने डबी उलटी करून तिचं बटण बघितलं. मग म्हणाला, "डॉयल, अजून चालू केला नाही मी."

दुकानात आणखी कोणी नव्हतं, एवढंच काय ते बरं. डॉयलने हेल्मेटांच्या फळीकडे बघितलं. गार्लंड भला माणूस, पण त्यानंतर तो जो मोठ्याने बोलू लागला तो काही केल्या थांबेना. "मनगटावर थरथरणारा येतो एक! पट्ट्यासारखा! आवाजाची भानगडच नाही!"

"ओरडू नकोस," डॉयल म्हणाला. "द्यायचा तो दे."

पट्टा दुकानात मनगटाला छान गुदगुल्या करी. पण गाडीवर बसलं की तिचं हँडलच दोन्ही हात हलवून काढी, त्यात ती गुदगुली कुठल्या कुठे जाई. तो परत केला. मग हेल्मेटच्या आत बसवायचा छोटा स्पीकर आणला. त्यातून डॉयलला वारा ऐकू आला, फक्त जास्त जवळून. तोही परत गेला. या सगळ्या काळात शनिवार चुकले नाहीत. दर शनिवारी तो जीव मुठीत धरून पुढे असायचा, शंका आली की उगाचच थाप मारायचा. नवल म्हणजे कोणी पकडलं गेलं नाही. नशीब साथ देतंय, असं तो धरून चालला. माणसाला तरायचं असलं की तो कशालाही नशीब म्हणतो.

शेवटी दिव्याचा चहाडखोर आला. हेल्मेटच्या काचेच्या कडेला, उजव्या डोळ्यापाशी एक तांबडा ठिपका. डबीला लहर लागली की ठिपका पेटणार. डॉयलने घराच्या अंगणात उभं राहून तो पुन्हा पुन्हा पेटवून बघितला. कित्येक महिन्यांनी त्याने त्या दिवशी ताटातलं सगळं संपवलं.

पुढच्या शनिवारी आभाळ मोकळं होतं. डॉयल, लोनी, टेस आणि मागे आणखी चौघं जण नदीकाठच्या रस्त्याला लागले. पहिल्या चढानंतर ठिपका पेटला. डॉयलने इतक्या जोरात थाप मारली की हेल्मेट डोळ्यांवर आलं. मग त्याने ऐटीत आरशात पाहिलं.

रांग आधीच हळू झालेली होती.

असेल, तो मनाशी म्हणाला. उतार होता, झाले असतील हळू. पण त्यानंतर तो ठिपक्याकडे न बघता आरशात बघू लागला. आणि गावाजवळच्या लांब वळणावर त्याला दिसलं ते असं: लोनीचा हात वर गेला, हेल्मेटवर दोनदा पडला, मागच्यांचे वेग उतरले. आणि त्यानंतर डॉयलचा ठिपका पेटला.

नाश्त्याला ते नेहमीच्या ठिकाणी थांबले. बाकीचे आत बिस्किटं, म्हणजे आमच्याकडचे मऊ पाव, आणि वर ओतायची पांढरी ग्रेव्ही मागवायला गेले. डॉयल लोनीच्या गाडीपाशी थांबला. पुढच्या काचेमागे, नकाशाच्या पिशवीखाली, एक डबी होती, डॉयलच्याहून महागातली, लांबची लहर पकडणारी. तिला बांधलेल्या पट्ट्याचा रंग उन्हाने विटला होता.

लोनी हातमोजे घ्यायला परत आला आणि तिथेच थबकला.

"कधीपासून?" डॉयलने विचारलं.

"काय कधीपासून?"

"लोन्या, मी बहिरा आहे, आंधळा नाही."

लोनीने हातमोजे उगाच एकमेकांवर आपटले. "टेसचं झालं ना, त्याच्या पुढच्या शनिवारपासून."

"सगळ्यांना माहीत आहे?"

"अरे, ठरवून काही केलं नाही कोणी. टेसच म्हणाली, त्याला बोलू नका, लागेल त्याला. तू दर वेळी नवीन काहीतरी लावून यायचास. आम्ही म्हटलं, करू दे."

"टेस म्हणाली?"

"डॉयल, तू पुढे असावास असंच वाटतं सगळ्यांना. खरंच सांगतो."

शिव्या दिल्या असत्या तर डॉयलला सोसलं असतं. कोणी म्हणालं असतं, म्हाताऱ्या, हो बाजूला, तर त्याने भांडून घेतलं असतं. पण या माणसांनी सबंध हिवाळा त्याची उगाचची थाप गोड मानून घेतली होती, लहान मुलाच्या हातात खोटं स्टिअरिंग देतात तशी. तो आत गेला. टेसने त्याच्यासाठी खुर्ची ओढून ठेवली होती, भिंतीकडची, जिथून सगळ्यांची तोंडं दिसतात. ही खुर्चीसुद्धा कित्येक महिने त्याच्यासाठीच राखून ठेवली जात होती, हे आत्ता त्याच्या लक्षात आलं. तरी तो तिच्यातच बसला.

निघताना तो गाडीवर बसून राहिला. लोनीला हाताने खूण केली, हो पुढे. लोनीने नकाराची मान हलवली. टेसला केली. तिने नुसती हेल्मेटची काच खाली घेतली. सगळ्या गाड्या चालू, सगळे बसलेले, आणि एक जण हलेल तर शपथ. त्याच्याशिवाय ते निघणार नव्हते. शेवटी डॉयलनेच गाडी काढली.

तो अगदी सावकाश निघाला. आज कोणाला कसली थाप लागूच नये, म्हणून पंचावन्नच्याही खाली, मग चाळीस, मग त्याहून कमी. वाटलं, कंटाळतील, शिव्या घालतील, एकेक करून पुढे सुटतील. त्याला तेच हवं होतं. वळणं गेली, सरळ रस्ता आला, पुढे मैलभर मोकळं दिसत होतं. आरशात सहाही दिवे जिथल्या तिथे, एकामागे एक, तेवढ्याच अंतरावर. कोणी हॉर्नसुद्धा दिला नाही. हेल्मेटच्या आत डॉयल रडत होता आणि तेही त्याला ऐकू येत नव्हतं.

समोरून एक पिकअप येत होता. दिवे लावून संथ चाललेली ती रांग बघून तो कडेच्या गवतात उतरला आणि थांबला. आमच्याकडे कोणाचं प्रेत स्मशानाकडे जात असलं की येणारेजाणारे असेच थांबतात. आतून एक म्हातारा शेतकरी उतरला. त्याने टोपी काढली, छातीशी धरली आणि रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला.

डॉयलला आधी कळेना हा कोणासाठी थांबलाय. मग कळलं. हात वर करून सांगावं, बाबा, तसं काही नाही, असं त्याच्या मनात आलं. पण त्याने हात उचलला नाही. म्हाताऱ्यासमोरून जाताना त्याने मान लववली, मयताच्या घरचे लववतात तशी, आणि मागच्या सहा जणांनीही लववली.