पहिल्या रविवारची भाकर

"म्हंजी रहाटणीच्या नव्या प्रार्थनासभेत जायला लागलीस का तू? खरं सांग सोजर, मी रागवायचो नाही."

"तिथं जाऊन काय करू, पाळकसाहेब? त्यांचा ढोल माझ्या कानाला सोसत न्हाई. मी कुटंच जाईना. माझं म्हननं येवढंच हाय, या रविवारची भाकर दुसऱ्या कुनाला तरी सांगा."

"पण का?"

"मला इश्वास ऱ्हायला न्हाई म्हून."

चर्चचे पाळक ज्योतीराम सोनवणे यांनी तिच्या खानावळीत तोंडाशी नेलेला चहा परत खाली ठेवला. कुणी दुसऱ्या सभेत पळालं, कुणाचं कुणाशी बिनसलं, असल्या तक्रारी त्यांना रोजच्या. ही नवीन होती.

सोजरबाई ओहोळ मूळची नेवाशाकडची. भिमाजीशी लग्न लागून निघोज्यात आली तेव्हा कंपन्या अजून उभ्या राहत होत्या आणि मधल्या वावरांत कांदा होता. भिमाजी शाफ्टच्या कारखान्यात लागला आणि हिनं पत्र्याची खानावळ टाकली. दोन्ही शिफ्टचे मिळून साठ गडी जेवतात. आज्याच्या वेळेपासून घर ख्रिस्ती. त्यामुळं प्रार्थना म्हणजे तिला चुलीसारखीच घरातली गोष्ट.

चर्चच्या मंडळीत तिचं काम एकच, पण मोठं. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, येशूच्या आठवणीत सगळे एकाच भाकरीचा तुकडा खातात, आणि त्याची बिनखमिराची भाकर अकरा वर्षं तिच्याच हातची. त्यासाठी तवा वेगळा. खानावळीच्या तेलाचा वास लागू नये म्हणून तो फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवलेला. गव्हाचं पीठ आणि पाणी, बाकी काही नाही. कच्ची असतानाच सुरीनं चौकटी आखायच्या, म्हणजे मोडताना चुरा होत नाही.

मागच्या महिन्यात ते पीठ मळताना तिच्या ध्यानात आलं, की आपण प्रार्थना पुटपुटतोय खरी, पण पलीकडं कुणी ऐकतंय असं आपल्याला वाटतच नाही. घरात कुणी मेलं नव्हतं. आजारपण नव्हतं. भिमाजीची नोकरी शाबूत होती. काही झालंच नव्हतं, हीच अडचण. कारण असतं तर त्याच्याशी भांडता तरी आलं असतं.

पाळकांनी आपल्या परीनं जोर लावला. "हे बघ, तू रोज साठ माणसांचं रांधतीस. ती येतील याचा काय पुरावा असतो तुझ्याकडं? विश्वासच ना तो?"

"महिन्याचं कार्ड असतं की त्यांचं. आन एखादा न्हाई आला तर मी फोन लावते. देवाचा नंबर असंल तर द्या."

पाळकांना हसू आलं, ते त्यांनी दाबलं. "बरं, तरी तू कर. भाकरीला काय कळतं?"

"भाकरीला न्हाई कळत, मला कळतं. समदी डोळं मिटून खानार आन करनारीच खोटी. न्हाई जमायचं मला."

बोलून ती कांदा चिरायला बसली, पण आतून हलली होती. आज भाकर सोडली तर उद्या मंडळी सुटणार, हे तिला दिसत होतं. निघोज्यात तिला ना दीर ना जाऊ. बाळंतपणाला आणि दुखण्याला धावून आली ती मंडळीच. पण तेवढ्यासाठी खोटं मळायचं, हे तिच्या हाताला पटेना.

रविवारी भाकर पाळकांच्या बायकोनं, पाळकबाईंनी केली. बिचारीनं जीव लावून केली, पण पीठ घट्ट झालं आणि तव्यावर जास्त राहिली. अख्खी मंडळी गंभीर चेहऱ्यानं रवंथ करत बसली. नानासाहेब साळव्यांची कवळी हलली, ती त्यांनी हातरुमालात धरली. ताट सोजरबाईपाशी आलं आणि तिनं ते तसंच पुढं सरकवलं. मागच्या तीन बाकांनी ते पाहिलं.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं, ओहोळांची सोजर रहाटणीवाल्यांनी पळवली. "तिथं मशीननं धूर सोडत्यात म्हनं गाण्याच्या वक्ताला," भिमाजीला कामावर कुणी तरी सांगितलं. भिमाजीनं घरी येऊन विचारलं, "धूर कसला गं?"

"तुझ्या डोक्यातला," सोजरबाई म्हणाली.

मंगळवारी दुपारी रिक्षातून गोजाबाई उतरली. वय चौऱ्याऐंशी, एका डोळ्यानं दिसत नाही. मंडळीत कुणाचंही पोर तापलं की आधी गोजाबाईला सांगायचं, मग डॉक्टरला. तिची प्रार्थना पोचतेच, असं सगळे म्हणायचे. आता ही समजावणार, म्हणून सोजरबाई तयारीतच होती. म्हातारीनं मेथीची जुडी ओढून घेतली आणि निवडायला लागली.

"काय, पाळक सांगत व्हता, दिसंना का तुला देव?"

"न्हाई, आजी."

"मला बी न्हाई."

सोजरबाईचं लाटणं थांबलं. "कवापास्नं?"

"धाकटा रांगत व्हता तवापास्नं. आता त्याला नातू झाला."

"आन मग येवढ्या प्रार्थना?"

"केल्या की. गुडघं बघ माझं, घट्टे पडलेत."

"मंग आमाला फशिवलंस की गं म्हातारे!"

"कसं काय? मला दिसला, माझ्याशी बोलला, असं म्हनले का मी कवा? मी निस्ती हाक मारते." गोजाबाईनं एक किडकं पान बाजूला टाकलं. "कुनाच्या दाराशी गेलीस तर काय करतीस? आत हाय का कोन, म्हून हाक मारतीस. आत मानूस दिसल्यावर कोन हाक मारतं, येडे?"

"आन आतनं कोन बोललंच न्हाई तर?"

"तर दुसऱ्या दिशी जायाचं."

"असं किती दिस?"

"ते मला काय ठावं? माझे तर अजून चाललेत."

"हे मंडळीत का न्हाई सांगितलंस कवा?"

"इचारलं कुनी? जो तो आपलं दुखनं घिऊन येतो." गोजाबाई उठली, पदर झटकला. "आन त्या पाळकबाईची भाकर परत खायला लावू नगंस. माझं दोनच दात ऱ्हायलेत."

सोजरबाईनं आठ दिवस कुणाला काही सांगितलं नाही. नवव्या दिवशी पाळकांना फोन लावला. "पाळकसाहेब, भाकर मी करते. पर एक हाय. सोजरचा इश्वास परत आला, असं मंडळीत बोलायचं न्हाई. त्यो आलेला न्हाई. मी निस्ती हाक मारनार हाय."

 पाळक म्हणाले, "कर. आणि हे... माझ्यासाठी पण मार एक."

पुढच्या पहिल्या रविवारी ताट फिरत फिरत आलं. सोजरबाईनं कडेचा तुकडा उचलला, डोळे मिटले आणि मनातल्या मनात हाक मारली. काही झालं नाही. भाकर भाकरीसारखीच लागली. पण दोन महिने छातीवर ठेवल्यासारखं जे काय होतं, ते थोडं सरकलं. तिथं जागा झाली. ती जागा कशाची, हे तिनं विचारलं नाही.

बाहेर चपला घालताना गोजाबाईनं एका डोळ्यानं तिच्याकडं बघितलं. "काय?"

"काय न्हाई."

"असू दे."

त्या रविवारी दोन कंपन्यांना ओव्हरटाइम होता. सोजरबाई भिमाजीच्या मागं गाडीवर बसून खानावळीत आली. दारात पाच-सहा जण हात धुऊन उभेच होते. "काकू, बारा वाजून गेले!" एकजण ओरडला.

"मंग ताटं मांड की, बघतोस काय," म्हणत तिनं चर्चची साडी तशीच वर खोचली आणि तांदूळ धुवायला घेतला.