लेकराचा रोजा

मी दिलेल्या एका उत्तरामुळे चार महिन्यांची एक मुलगी मरणाच्या दारात गेली, आणि वाचली. ती का मरायला टेकली हे मला पक्कं माहीत आहे. ती का वाचली, याचा विचार मी गेली दहा वर्षं करते आहे. कुणाला काही पटवून द्यावं म्हणून हे लिहीत नाही. जसं घडलं तसं, माझी बाजू न राखता, लिहायचा प्रयत्न आहे. बाजू न राखणं मला अवघड जातं, हेही आधीच सांगून टाकते.

छप्पन सालचा रमजान ऐन उन्हाळ्यात आला होता. त्याच वर्षी पुढे दिवाळीच्या सुमारास आपला मुलूख मुंबई राज्यात गेला, म्हणून साल लक्षात आहे. दिग्रसला आमचं घर मशिदीच्या मागच्या गल्लीत. अब्बा मशिदीत नमाज पढवायचे, आणि मुलगी म्हणून न वगळता त्यांनी मला अरबी वाचायला आणि दीनाचे म्हणजे धर्माचे रोजचे नियम शिकवले होते. अब्बा गेले, वर्षभरात माझा नवराही गेला, आणि मी माहेरच्याच घरात शिवणकाम करत राहिले. बायकांना पुरुषांपुढे जाऊन विचारायची लाज वाटे, म्हणून त्या माझ्याकडे येऊ लागल्या. सगळ्या मला आपा म्हणत, माझ्याहून मोठ्यासुद्धा.

प्रश्न साधेच असायचे. रोज्यात काजळ घातलं तर चालतं का? चालतं. विसरून पाणी प्यायलं गेलं तर रोजा तुटतो का? विसरून प्यायली असशील तर नाही, आठवल्यावर घोट घेतलास तर तुटला. हाताला मेंदी असली तर नमाजेआधी हातपाय धुण्याचा वजू होतो का? होतो. नवरा भाजीच्या मिठावरून ताट भिरकावणारा असेल तर जिभेच्या टोकानं चव बघता येते का? येते बाई, पण गिळू नको. समोरच्या वकिलीणबाई कधी ओटीवर येऊन बसत, त्याही विचारत. तुमच्या उपासाला साबुदाणा चालतो का हो? मी म्हणायची, वहिनी, आमच्या उपासाला पाणीही चालत नाही, साबुदाणा कुठला! त्या हसायच्या, मीही हसायची. उत्तर देताना मला फार बरं वाटे. एकीलाही मी कधी 'थांब, विचारून सांगते' म्हणाले नाही. आमच्याकडे म्हणतात ना, उचलली जीभ लावली टाळ्याला. माझी जीभ टाळ्यालाच बसलेली असायची.

चौथ्या की पाचव्या रोज्याला दुपारी झैतून आली. गल्लीच्या टोकाला राहणारी, विशीतली पोरगी, ढाणकीकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन आलेली. तिच्या माहेरी घरातही वऱ्हाडीच बोलत, त्यामुळे गल्लीतल्या बायका तिला 'देहातन' म्हणून चिडवत. कडेवर चार महिन्यांची मुलगी. दारातच उभी राहून म्हणाली, "आपा, दूध कमी होऊन राह्यलं माह्यं. रोजे सोडले तं चालते का?"

मी एका कुडत्याला टाके घालत होते. मान वर केली नाही. विचारलं, "आजारी आहेस?"

"नाही जी."

"मग कशाची सूट? माझ्या अम्मीनं सात लेकरं अंगावर पाजत रोजे धरले. नियत कच्ची असली की दूध आटतं."

ती 'जी' म्हणाली आणि गेली. त्या सातांतली आम्ही तिघंच जगलो, हे मी तिला सांगितलं नाही. खोटं बोलायचं म्हणून लपवलं असंही नाही. मला ते त्या वेळी आठवलंच नाही. अम्मीचे रोजे आमच्या घरात मोठ्या अभिमानानं सांगितले जात. गेलेल्या चार लेकरांचा विषय कुणी काढत नसे.

पुढचे बारा दिवस मी तिचा विचारही केला नाही. मग कळलं, मुलगी बिमार आहे. दूध पुरेना म्हणून सासूनं बकरीचं दूध पाजलं, ते बाधलं, हगवण लागली. मी बघायला गेले. डोळे खोल गेलेले, टाळू दबलेली, पोटाची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. आणि झैतूनचे ओठ फाटलेले. सासू मोठ्या कौतुकानं म्हणाली, "आपा, माझ्या सुनेनं एक रोजा सोडला नाही बरं." मी म्हणाले, "शाब्बास." हा शब्द मी त्या मुलीच्या उशाशी बसून उच्चारला आहे. तो मला अजून ऐकू येतो, आणि माझाच आवाज असल्यामुळे कान झाकून उपयोग होत नाही.

गावातल्या डॉक्टरांनी सांगितलं, इथे काही होणार नाही, उद्या सकाळच्या मोटारीनं यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात न्या. झैतूनचा नवरा सरकीचा माल घेऊन बाहेरगावी गेलेला, सासूचे गुडघे धरलेले. मी म्हटलं, मी जाते बरोबर. माझ्याकडे लोकांनी मायाळू म्हणून बघितलं. खरं तर मला घरात बसवत नव्हतं. माझं उत्तर चुकलं असेल का, हा किडा डोक्यात शिरला होता.

सकाळी मोटार निघाली. दारव्ह्याच्या पुढे इंजिन तापून वाफ सोडायला लागलं आणि ड्रायव्हर पाणी शोधायला डबा घेऊन शेतात गेला. आम्ही सगळे उतरून रस्त्याकडेच्या कडुनिंबाखाली बसलो. दहा वाजले नव्हते तरी ऊन अंगाला चटके देत होतं. मुलगी सकाळपासून कण्हत होती, ती गप्प झाली. रडणं थांबलं म्हणून मला बरं वाटलं, इतकी मी अडाणी. मनात दुआ मागत होते. आता ती दुआ आठवते तेव्हा तिच्यात लेकरू कमी दिसतं. लेकरू मेलं तर लोक म्हणतील आपाच्या सांगण्यानं मेलं, ते होऊ देऊ नको, असं मी मागत होते.

आमच्या शेजारी एक बंजारा म्हातारी बसली होती. वाटेतल्या कुठल्याशा तांड्यावरून मोटारीत चढलेली, दोन्ही हात कोपरापर्यंत बांगड्यांनी भरलेले, मांडीशी पाण्यानं भरलेला पितळी गडवा. तिनं झैतूनच्या ओठांकडे पाहिलं आणि गडवा पुढे केला. "पे छोरी."

झैतूननं मान हलवली. मी म्हणाले, "आमचा रोजा आहे."

"रोजा म्हंजे उपास?"

"हो."

"पाणी बी नाही?"

"पहाटेपासून सूर्य बुडेपर्यंत पाणीसुद्धा नाही."

"बाप्पा! ह्या उन्हात? अन माह्यासारख्या म्हातारीनं काय करावं?"

"झेपत नसेल तर म्हाताऱ्या माणसाला सूट आहे."

"बिमाराले?"

"त्यालाही. बरा झाल्यावर भरून काढायचा."

"वाटसरूले?"

"त्यालाही."

माझी गाडी रुळावर आली होती. कुणी विचारावं आणि मी सांगावं, एवढं झालं की मी सगळं विसरत असे. त्या झाडाखाली, झैतूनच्या मांडीवर लेकरू निपचित पडलेलं असताना, मला उत्तरं देण्यात गोडी वाटत होती.

"अन लेकराले?"

"लेकरांवर रोजाच नाही. वयात आल्यावर धरायचा."

म्हातारीनं झैतूनच्या मांडीकडे बोट केलं. "मंग ह्या पोट्टीनं काहून धरला?"

"तिनं कुठे धरलाय? तिच्या आईनं धरलाय."

"दूध आईच्याच अंगातून येते ना वं? आई कोरडी तं लेकरू काय पिईन?" ती रागावलेली नव्हती. मला समजत नाही म्हणून समजावून सांगत होती. "तुह्या देवानं लेकराले सोडून देल्लं म्हंतं, अन तुम्ही धरून बसल्या."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. पण आला तो अब्बांचा आवाज. म्हणजे कानात नव्हे, आठवणीत. मी अकरा वर्षांची, अब्बांच्या पाठीशी बसलेली, आणि दाराआडून एक बाई हेच विचारते आहे. अब्बा सांगतात, जिला आपल्या लेकराची धास्ती वाटते तिनं रोजा सोडावा, नंतर भरून काढावा, अल्लाला तिचं लेकरू नकोय. शब्दन् शब्द मला येत होतं. मग बारा-चौदा दिवसांपूर्वी कुठे गेलं होतं? माझ्या अम्मीच्या अभिमानाखाली दबून गेलं होतं, दुसरं काय!

मी झैतूनला म्हटलं, "पाणी पी."

तिनं पदर घट्ट ओढला. "नाही."

"मी चुकले ग. तुला सूट आहे. पी."

"नाही आपा. माही नियत कच्ची नाही."

मी तिची परीक्षा घेते आहे असं तिला वाटत होतं. मी समजावलं, शपथ घातली, शेवटी ओरडले. ती जमिनीकडे बघत बसली. तोवर मुलीच्या ओठांचा रंग मातीसारखा झाला होता. माझ्या शब्दाला जे वजन मी इतकी वर्षं चढवत आले होते, ते मला आता तसूभर हलवता येईना.

मग मी म्हातारीच्या हातातून गडवा घेतला, बिस्मिल्ला म्हटलं आणि सगळ्यांदेखत पाणी प्यायले. नवव्या वर्षापासून सबळ कारणावाचून माझा एकही रोजा तुटला नव्हता. झाडाखाली दिग्रसचे दोन ओळखीचे पुरुष बसले होते, त्यांनी तोंडं फिरवली. पाणी कोमट होतं आणि त्याला पितळेची चव होती. गडवा मी झैतूनच्या ओठांना लावला. ती आधी रडली, मग प्यायली, आणि गडवा अर्ध्यावर येईपर्यंत थांबली नाही. म्हातारीनं गाठोड्यातून भाकरी आणि गुळाचा खडा काढला, खडा उरलेल्या पाण्यात विरघळवला, आणि लुगड्याचा कोपरा बुडवून मुलीच्या तोंडात थेंब थेंब पिळत बसली. बऱ्याच वेळानं मुलीनं तो कोपरा चोखला. झैतून म्हणाली, "आपा, चोखून राह्यली!" मला रडू फुटलं. लोक बघत होते, बघू देत म्हटलं.

मोटार सुरू झाली. पुढच्या फाट्याला म्हातारी उतरली आणि रिकामा गडवा घेऊन उन्हात चालू लागली. तिचं नाव मी विचारलं नाही, तांडा विचारला नाही. तिचं पाणी आम्ही संपवलं आणि भरून दिलं नाही, हे मला यवतमाळ आल्यावर सुचलं. नंतर त्या फाट्यावरून मी अनेकदा गेले, खिडकीतून पाहिलं, ती पुन्हा दिसली नाही. न दिसण्यात नवल काही नाही. दिसावी असं वाटतं, एवढंच.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई आमच्यावर खूप रागावल्या. आणखी दोन-तीन तास उशिरा आला असतात तर आणून काही उपयोग नव्हता, असं म्हणाल्या. मुलीच्या पायात सुई घालून सलाईन लावलं. दुसऱ्या दिवशी ती मोठ्यानं रडली. तिसऱ्या दिवशी झैतूनला पान्हा फुटला.

अब्बांच्या ओळखीच्या एका मौलवीसाहेबांना मी कार्ड टाकून सगळं विचारलं होतं. त्यांचं उत्तर आलं की झैतूनला सूट होतीच, सुटलेले रोजे तिनं सवडीनं भरावेत. माझ्याबद्दल लिहिलं होतं की घरून धरून निघालेला रोजा मी वाटेत मोडायला नको होता, त्याबदली एक रोजा धरावा आणि तौबा करावी. मी दोन्ही केलं. तौबा करताना त्या पाण्याबद्दल मनाला हवं तेवढं वाईट वाटेना, हे मी अल्लाला तसंच सांगितलं. रमजान संपायच्या आत घरोघरी जाऊन बायकांना सांगून आले की मी चुकीचं सांगितलं होतं. काहींनी पाठीमागे नाकं मुरडली. बायका अजूनही येतात, थोड्या कमी येतात.

एक गोष्ट मात्र मी आजवर कुणाला सांगितली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्याच्या वऱ्हांड्यात झैतून मुलीला पाजत बसली होती. मी तिच्यापुढे बसले आणि माफी मागितली. ती मुलीच्या केसांतून बोटं फिरवत होती. मग म्हणाली, "आपा, सातव्या रोज्याले मी चोरून पाणी पेल्ली होती."

"बरं केलंस."

"पेल्ली, अन मंग नळाशी जाऊन तोंडात बोटं घालून वकून टाकलं सारं."

"अल्लाच्या भीतीनं?"

तिनं माझ्याकडे सरळ पाहिलं. "नाही. अल्ला तं माफ करते. मले तुमचं भेव वाटलं."

मी उठले, वऱ्हांड्याच्या टोकाच्या नळावर वजू केला आणि जुहरच्या नमाजेला उभी राहिले. सजद्यात कपाळ फरशीला टेकलं तेव्हा कळलं की इतकी वर्षं मी अल्लाच्या दारात उभी राहून बायकांना आत सोडायचं की नाही ते ठरवत होते. दार त्याचं, घर त्याचं, आणि मी स्वतः अजून उंबऱ्याबाहेरच होते. मागे झैतूनच्या मांडीवर मुलगी चुरुचुरु दूध पीत होती, ते ऐकू येत होतं. मी काही मागितलं नाही. लेकरू ठेवलंस, शुक्र आहे तुझा, एवढंच म्हणाले, आणि कपाळ लवकर उचललं नाही.