जादा अर्थिंग

दुपारचे दोन वाजले, मुलगी चारला येणार, आणि खोकं अजून घूंऽऽ करतच होतं.

वायरमन उठला, खिडकीपर्यंत गेला, परत आला, बसला, पुन्हा उठला. पस्तीस वर्षं कारखान्यात वायरिंग केलेला माणूस. निवृत्त झाल्यावर चार महिने खपून त्यानं हा स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर स्वतःच्या हातानं बनवला होता. पत्र्याचं खोकं, आत डाव्या स्पीकरचं एक सर्किट, उजव्याचं एक. काम कसं झकास! फक्त चालू केलं की दोन्ही स्पीकरमधून भुंगा ओरडायला लागायचा.

"अहो, एका जागी बसा की जरा. तुमच्या येरझाऱ्यांनी मला भोवळ येईल," बायको म्हणाली.

"बसतो कसला! ती गाणं घेऊन येतेय आणि इथं हे!"

नऊ वर्षांपूर्वी मुलीनं 'मी स्टेजवर गाणार' म्हटलं तेव्हा या गृहस्थानं घर डोक्यावर घेतलं होतं. कारण विचारलं तर सांगेना. नाही म्हणजे नाही. मुलगीही बापाचीच, बॅग उचलून चालती झाली. वर्षातून दोनदा यायची, आईशी बोलायची आणि जायची. या घरात तिनं पुन्हा तोंडातून सूर काढला नाही. चार महिन्यांपूर्वी तिच्या पहिल्या रेकॉर्डिंगचं ठरलं, तेव्हा त्यानं बायकोच्या हातून फोन हिसकावून घेतला आणि म्हणाला, "झालं की घेऊन ये. मी ऐकतो. चांगल्या मशीनवर ऐकतो."

बोलून तर बसला! गाणं अगदी हळू सुरू होतं, असं ती म्हणाली होती. या घूंघूंमध्ये ते बुडणार, ती 'राहू दे बाबा' म्हणून उठणार, आणि परत कधी येईल कोण जाणे.

त्यानं गाणं लावायच्या प्लेअरची डावी केबल खोक्याला लावली. भुंगा गप्प. ती काढून उजवी लावली. गप्प. दोन्ही लावल्या की घूंऽऽ.

"तुम्हा बापलेकीसारखंच आहे ते," बायको म्हणाली. "एकेकटे असलात की किती शहाणे."

त्याला हसू आलं नाही. त्यानं त्याच्या हिशेबी सगळ्यात खात्रीचं औषध काढलं: अजून एक अर्थिंग. शॉक लागू नये म्हणून वीज जमिनीत नेणारी वायर, ती त्यानं घरातल्या प्रत्येक लोखंडाला जोडली होती, अगदी पुस्तकांच्या रॅकलासुद्धा. आजूबाजूचे त्याला अर्थिंगवालेच म्हणायचे. या खोक्यातही दोन्ही सॉकेटना अर्थिंग, दोन्ही सर्किटना अर्थिंग. आता आवाजाच्या बटनालाही जोडली. चालू केलं तर भुंगा दुप्पट! त्यानं कपाळावर हात मारला.

एवढ्यात बेल वाजली. साडेतीनच झाले होते.

मुलगी आत आली, चपला काढता काढताच तिनं कान टवकारले. "अय्या, ही घूंघूं! याला 'हम' म्हणतात. आमच्या कार्यक्रमांत नेहमी येतो. साउंडवाले एका मिनिटात घालवतात." तिनं प्लग भिंतीतून उपसला, टेबलावरचा स्क्रूड्रायव्हर घेतला आणि प्लगमधली अर्थिंगची हिरवी वायर सोडवायला लागली.

"हात लावू नकोस!"

नऊ वर्षांपूर्वीचाच आवाज, भांडी हादरतील असा. मुलगी सरळ उभी राहिली. तिचा चेहरा पार उतरला. "चुकलं माझं. उगाच आले." तिनं पर्स उचलली.

तो दारात आडवा उभा राहिला. "ऐक. लग्नाआधी मी कार्यक्रमांना माइक लावायचो. एकदा असाच घूं आवाज येत होता, लोक ओरडत होते. मी हीच वायर सोडली. घूं गेली. मग गाणारी आली, तिनं माइक धरला आणि... चिकटली. मुलगीच होती, तुझ्याएवढी. वाचली, पण हात गेला. मी तिला भेटायलासुद्धा गेलो नाही. तोंड दाखवायची हिंमत नव्हती."

बायको भिंतीला टेकून उभी होती. तिलाही हे ठाऊक नव्हतं.

"म्हणून मला..." मुलगी म्हणाली.

"तू माइक धरलेला मला डोळ्यांपुढं आणवत नव्हता."

"आणि मला वाटायचं, माझा आवाजच तुम्हाला आवडत नाही!" ती रडायला लागली, रागानंच. "नऊ वर्षं, बाबा! एवढं सांगता आलं नाही?"

मुलीनं नाक पुसलं, खोक्यापाशी बसली आणि झाकण उघडून आत बघत राहिली.

"प्लगची वायर शॉकसाठी. ती राहणार," ती म्हणाली. "मग या बाकीच्या कशासाठी?"

"भीतीसाठी," तो म्हणाला.

आणि बोलता बोलताच त्याच्या लक्षात आलं. एकीकडून अर्थिंग, दुसरीकडून अर्थिंग, दोन्ही केबल जोडल्या की प्लेअरमधून त्यांचा वेढा पूर्ण होत होता, आणि त्याच वेढ्यात भुंगा फिरत होता. त्यानं प्लगचा स्क्रू पुन्हा आवळला आणि डाख वितळवायचं सोल्डरिंग आयर्न तापवलं. आधी बटनाची वायर काढली. तिनं प्लग लावून चालू केलं, घूं होतीच, पण कमी. बंद केलं. एका सर्किटची काढली. मग दुसऱ्याची. प्रत्येक वायर सोडताना त्याचा हात अडखळायचा, आणि प्रत्येक वेळी तो बोटानं चाचपून बघायचा की प्लगची हिरवी वायर पत्र्याला घट्ट आहे ना. शेवटी दोनच उरल्या, सॉकेटच्या. सगळ्यांचा मिळून पत्र्याशी एकच सांधा हवा होता, म्हणून त्यातली एक ठेवली, एक काढली.

तिनं खटका दाबला. स्पीकर जोडलेले, दोन्ही केबल लावलेल्या, आणि भुंगा एकदम गप्प.

मुलीनं रेकॉर्डिंग लावलं. इतकं हळू सुरू झालं की वायरमन सोल्डरिंग आयर्न हातातच धरून पुढं वाकला. सूर वर चढला, खोलीभर झाला, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. त्यानं ते पुसलंही नाही.

"तुझा आवाज असा कधी झाला गं?"

"तुम्ही ऐकत नव्हता तेव्हा," ती म्हणाली आणि तिनं आवाज थोडा वाढवला.