नळाचा वार आणि माहेरचा मुक्काम

श्री. मधुकरराव रणवरे साहेबांना मी पहिल्यांदा पाहिलं ते माझ्याच खुर्चीशेजारी. पाणीपुरवठा विभागाच्या तक्रार खिडकीवर मी नुकतीच रुजू झाले होते. खिडकीपलीकडे बायका रिकाम्या कळशा आपटत होत्या आणि मी नुसती तक्रारवहीची पानं उलटत होते. मागच्या खोलीतून एक उंच गृहस्थ स्टूल घेऊन आले, माझ्या बाजूला बसले आणि म्हणाले, "मी इथला इंजिनिअर. मला बोला. ही पोरगी कालच आलीय." बायका मनसोक्त बोलल्या. त्या गेल्यावर साहेबांनी माझ्यासाठी चहा मागवला. "ऐकलंस ना? सगळ्यांचा प्रश्न एकच. पाणी कधी येणार?"

साहेब आता साठ वर्षं पूर्ण करून एकसष्टीत पाऊल ठेवत आहेत. त्यांच्या हाताखाली काम करण्याचं भाग्य लाभलेल्यांपैकी मी एक. त्यांच्याविषयी लिहायचं तर मला माझ्या घरातूनच सुरुवात करावी लागेल.

बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या आमच्या या लहान शहराला कालव्याचं पाणी मिळतं. आवर्तन सुटलं, म्हणजे ठरलेल्या पाळीनं कालव्यात पाणी सोडलं, की साठवण तलाव भरून घ्यायचा आणि पुढचं आवर्तन येईपर्यंत तो पुरवायचा. तेव्हा नळ कधी येईल याचा काही नेम नसे. पाणी आल्याचा आवाज यावा म्हणून लोकांनी नळांच्या तोट्याच काढून ठेवल्या होत्या. पाणी आलं की कालचं 'शिळं' पाणी गटारीत ओतायचं आणि ताजं भरायचं. खालच्या गल्ल्यांत हे चाले तोवर आमच्या टेकावरच्या गल्लीत नळ नुसता सुस्कारे टाकत राही.

आमच्या घरी नळाची ही राखण सासूबाईंकडे होती. यजमान साखर कारखान्यात पाळीवर, मी कचेरीत. सासूबाईंचं माहेर कळंबचं. त्यांची आई तिथं अंथरुणाला खिळलेली होती. सासूबाई सकाळच्या एसटीनं जात, आईचे केस विंचरत आणि दुपारच्या गाडीनं परत फिरत. मागं पाणी येऊन गेलं तर? या एका धास्तीपायी त्यांनी माहेरी कित्येक वर्षांत रात्र काढली नव्हती. आपण निघायला उठलो की आई तोंड भिंतीकडे वळवते, असं त्यांनी मला एकदाच सांगितलं.

साहेब गल्ल्या बघत फिरत होते, तेव्हा आमच्या दारात थांबले. सासूबाई भरलेला हंडा ओतून देत होत्या.

"आत्याबाई, हे पाणी काल प्यालात. आज काय झालं त्याला?"

"शिळं झालं न्हवं का! अन् सायेब, तुमचं पाणी उद्या येतंय का चार दिसांनी, कुणाला ठावं? आलंय तवर ताजं भरून घ्यायचं."

मला वाटलं, साहेब आता काटकसरीवर बोलतील. आधीच्या मंडळींनी तसे फलक चौकाचौकांत लावले होतेच. साहेब हसले आणि म्हणाले, "बरोबर आहे तुमचं." कचेरीत आल्यावर मात्र त्यांनी गल्ल्यांचा नकाशा टेबलावर पसरला. मग म्हणाले, "आधी आपण वेळ पाळू. मगच त्यांना सांगायचा हक्क."

गळत्या काढणं, गल्लीवार व्हॉल्व्ह बसवणं, दाबाची गणितं, हे सारं त्यांच्या सहकाऱ्यांनी या गौरवग्रंथात लिहिलं आहेच. मला आठवतो तो प्रत्येक गल्लीला त्यांनी नेमून दिलेला वार. आम्हाला मंगळवार आणि शुक्रवार मिळाले. सुरुवातीला कुणाचा विश्वास बसेना. पण महिने गेले, वार चुकला नाही. खालच्या गल्ल्यांत हळूहळू तोट्या परत बसल्या आणि टेकावर पाणी चढू लागलं. तरी सासूबाई मुक्कामाला जात नसत. "आज हाय, उद्याचं काय?" म्हणत.

मग एका उन्हाळ्यात आवर्तन लांबलं. तलाव तळाला गेला. शुक्रवारचं पाणी देता येणार नव्हतं, आवर्तन पोचल्यावर रविवारी देता येणार होतं. कचेरीत बहुतेकांचं मत, "आत्ताच सांगू नका, बोंब होईल." साहेब म्हणाले, "येणार नाही हे सांगणंसुद्धा पाणीपुरवठ्यातच येतं." गुरुवारी सकाळी ते स्वतः दारोदार निघाले. आमच्या गल्लीत मी त्यांच्यासोबत होते.

"बघा गं," शेजारच्या सुंदराकाकू ओरडल्या, "नळाला पाण्याच्या जागी सायेबच आलं!"

गल्ली हसली. साहेबही हसले. "उद्या पाणी नाही. रविवारी सकाळी येईल. तोवर नळाकडं बघू नका. कुठं जायचं असेल तर खुशाल जाऊन या."

सासूबाई उंबऱ्याशी आल्या. "जाऊ म्हंता? अन् मागं येऊन गेलं म्हंजी?"

"येणार नाही. आलं तर माझ्या दारात येऊन मला चार शिव्या द्या."

"शिव्यांनी हंडा भरत न्हाय, सायेब."

"म्हणूनच सांगतोय, जाऊन या."

सासूबाईंनी पिशवी भरली तेव्हा लुगड्याची घडी तीनदा उलगडून पुन्हा घातली. एसटीत बसेपर्यंत मला बजावत होत्या, "कान नळाकडं ठेव." शुक्रवारी नळ कोरडाच राहिला. रविवारी सकाळी, सांगितलेल्या वेळी, पाणी आलं. मी सगळी भांडी भरली.

दुपारी त्या परत आल्या. हंड्याकडे त्यांनी बघितलंही नाही. पायरीवर बसून म्हणाल्या, "दिवे लागले तरी मी हलंना, तवा आय म्हंती, 'तुझं पाणी गं?' म्हनलं, आज न्हाय. तर हात धरूनच झोपली. सकाळपतुर सोडला न्हाय." पुढं त्यांची आई होती तोवर सासूबाई वार बघून कळंबला मुक्कामाला जात राहिल्या.

सेवानिवृत्त झाल्यावरही साहेब सकाळी फिरायला म्हणून तलावाच्या बांधावरच जातात. घरी जेवायला कधी येणार ते मात्र कधीच सांगत नाहीत, ही त्यांच्या सौभाग्यवतींची तक्रार ऐकणारी खिडकी अजून कुठं उघडलेली नाही.

या लेखात शुभेच्छा काय लिहू, असं मी सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "शंभर वर्सं जगा, असं समदीच लिवत्याली. तू लिव, टेकावरच्या लेकी आता माह्यारी मुक्काम करत्यात. एवढं वाचलं तरी आयुक्ष वाढंल त्यांचं."

साहेब, ते आयुष्य तुम्हाला निरोगी आणि भरपूर लाभो.