चार शब्दांपुढचं वाक्य

लिलाव पुकारण्यात दादाचा हात धरणारं कुणी नव्हतं. मोडकं कपाटसुद्धा तो असं काही वर्णायचा, की घेणाऱ्याला आपलं नशीब उघडलंसं वाटायचं. घशाच्या ऑपरेशननंतर तो आवाजच गेला. मग धाकट्या बहिणीनं त्याच्या कॉम्प्युटरवर एक फुकटचा प्रोग्रॅम बसवला. दादानं टाइप करायचं, यंत्रानं बोलायचं. पण मेलं यंत्र चार शब्द बोललं की अडायचं आणि पुढचं सगळं गिळून टाकायचं. आयुष्यभर तोंडाचा पट्टा चालवलेला माणूस चार शब्दांत कोंडला गेला. ती पडद्यावरचं वाचायला वाकली की तो हात आडवा धरायचा. त्याला आपलं बोलणं ऐकवायचं होतं, वाचायला द्यायचं नव्हतं.

धाकटी एका ग्रंथालयातले कॉम्प्युटर सांभाळायची. हट्टाला पेटली की कुणाचं ऐकणारी नव्हती. नेमक्या याच दुखण्यावर कुणा अनोळखी माणसानं लिहिलेला पॅच, म्हणजे दुरुस्तीचा तुकडा, तिनं शोधून काढला. पण तो लावायचा तर सगळा प्रोग्रॅम मूळ कोडपासून आपल्या हातानं कंपाईल करून त्याचा नवा बिल्ड बनवायला हवा, आणि त्याआधी त्याची सामग्री जमवायला हवी. नमनालाच घडाभर तेल! एक पॅकेज घातलं की ते दुसरं मागायचं, दुसऱ्याला तिसऱ्याचं जुनंच व्हर्जन लागायचं. तीन आठवडे ती कामावरून सुटली की रोज दादाच्या खोलीत ठाण मांडायची. एकटा राहणारा दादा मुकाट चहा करून शेजारी ठेवायचा. अखेर एकही एरर न येता बिल्ड पुरा झाला.

दादानं काहीतरी लांबलचक टाइप केलं.

"धाकटे, चहा गार होतोय," यंत्र बोललं आणि थांबलं.

तिनं सगळं पुसून पुन्हा केलं. एकदा नाही, अकरा वेळा. दर वेळी बिल्ड बिनचूक, दर वेळी दादाचं तेच वाक्य, आणि यंत्र चहापाशीच अडलेलं. शेवटी तिनं हात टेकले. पॅचच कुचकामी आहे, असं तिनं सांगितलं तेव्हा दादानं टाइप केलं.

"राहू दे, सवय झालीय."

एवढं मात्र पूर्ण ऐकू आलं. त्यानंतर तो टाइपही फारसं करेना, आणि धाकटीला त्याच्यासमोर बसायची लाज वाटायला लागली. हिवाळ्यात तो गेला.

महिन्याभरानं कॉम्प्युटर कुणाला तरी द्यायचा म्हणून ती आवरायला बसली, आणि तिच्या लक्षात आलं. तिनं बनवलेला नवा प्रोग्रॅम वेगळ्याच फोल्डरमध्ये जाऊन बसला होता. दादा दाबायचा ते बटण जुन्यालाच उठवत होतं. अकराच्या अकरा वेळा बोलला तो जुनाच. काखेत कळसा आणि गावाला वळसा. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर तिनंच त्याची खिल्ली उडवली असती.

दादाचं ते चहाचं वाक्य कॉम्प्युटरवर तसंच साठवलेलं होतं. ते न वाचता तिनं डोळे मिटले आणि नवा प्रोग्रॅम सुरू केला.

"धाकटे, चहा गार होतोय, आधी तो पी, यंत्र कुठं पळून जात नाही, आणि हे नाही जमलं तर नाही जमलं, तू रोज येऊन बसतेस तेवढं मला पुरे आहे."

तिला रडू आवरेना. हात टेकले त्या दिवसापासून ती फक्त रविवारी येत होती.