अप्पांचा तांब्या

आधीच सांगून टाकतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. भालकीत माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. करंट असेल तर आवाज, करंट गेला की आवाज बंद, एवढंच मला कळतं. दुकानात बसून कुणी भुताखेतांच्या गप्पा सुरू केल्या की मीच म्हणायचो, "अण्णा, डोक्याचं अर्थिंग तपासून घ्या!" आता हसायची पाळी तुमची...

माझे अप्पा भजनी मंडळात होते. दर सोमवारी आमच्या हॉलमध्ये भजन, कधी कन्नड, कधी मराठी. अप्पांची जागा दाराजवळच्या कोपऱ्यात, घोंगडीवर, शेजारी पितळी तांब्या. अव्वाला, म्हणजे माझ्या आईला, त्यांनी चारचौघांत कधी हाक मारली नाही. चहा हवा असला की बोटातली अंगठी तांब्यावर एकदा वाजवायचे. टिंग. आत अव्वा उठायची. आणि दोनदा वाजवलं, टिंग-टिंग, की 'नको, राहू दे, बस'. सगळ्या मंडळाला ही खूण माहीत होती. अव्वाला सगळे चिडवायचे.

अप्पा गेले आणि अव्वाने जगण्यातून अंगच काढून घेतलं. त्यात हृदयाची झडप खराब झालेली. कलबुर्गीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, ऑपरेशन लांबवू नका, हातातून जाईल. पण ही ऐकेल तर शपथ! "कामून चिरफाड करायलास माझी? झालं की आता." मी रागावलो, रडलो, पाया पडलो. ढिम्म हलली नाही.

घरात अप्पांच्या भजनाची एकच कॅसेट. जुन्या सिस्टीमवर अप्पा डब्यात बसून गायल्यासारखे वाटायचे. मला वाटलं, तोच आवाज समोर बसल्यासारखा ऐकवला तर बाई विरघळेल, जगावंसं वाटेल तिला. हैदराबादहून नवा अॅम्प्लिफायर आणला, कमरेएवढे उंच स्पीकर आणले, डेकचं हेड साफ केलं, जाड वायरी ओढल्या. स्पीकर भिंतीपासून पुढे घेऊन, जरा आत वळवून, जागा जमवत बसलो. बायको म्हणाली, "घरात लगीन असल्यावानी करायलाव की!"

कॅसेट लावली. बापरे... अप्पांचा श्वास ऐकू आला! घसा खाकरणंसुद्धा. आणि दोन भजनांच्या मध्ये — टिंग.

अव्वा पलंगावरून उठली. "च्या ठिवते."

त्या दिवसापासून रोज जेवण झालं की मला, तिच्या बसूला, फर्मान, "लाव, बसू." तांब्या वाजला की धापा टाकत आत जायची, कप आणून कोपऱ्यात ठेवायची. एकदा म्हणाली, "ते बोलवायलेत. आता दवाखाना कशाला?" आवाज खरा करायच्या नादात मी आईला तिकडं ढकलायलो होतो!

अजून एक गोष्ट मी कुणाला बोललो नव्हतो. कॅसेट एकाच माइकवर भरलेली, मोनो. असा आवाज दोन स्पीकरच्या बरोबर मधोमध ऐकू येतो. अप्पांचं गाणं तसंच यायचं. तांब्या मात्र दाराजवळच्या कोपऱ्यातून वाजायचा... तिथे स्पीकरच नाही. वायरी उलटसुलट करून पाहिल्या, काही फरक नाही. भिंतीवरून आवाज परतत असेल, अशी मनाची समजूत घातली.

मग ती दुपार. उसाचा सीझन, बाहेर ट्रॅक्टरची घरघर. भजन चालू असतानाच करंट गेला. अॅम्प्लिफायरचा लाल दिवा विझला. मी उठून पाहिलं, कॅसेट फिरायची थांबली होती.

टिंग.

कोपऱ्यातून. स्वच्छ. स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं, "अव्वा, तांब्या कोण वाजवायलंय?" म्हणजे भास माझ्या एकट्याचा नव्हता.

अव्वा उठली. या खेपेला चहाला नाही, सरळ कोपऱ्याकडे. "यायले मी... यायले की!" ओठ निळसर पडलेले, आणि चेहऱ्यावर हसू. मी दंड धरला, तिने झटकून टाकला. एवढा जोर तिच्यात कुठून आला देव जाणे. त्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघून मी ओरडलो, "अप्पा, नका हो नेऊ तिला!"

टिंग-टिंग.

अव्वा जागच्या जागी थांबली. मग मटकन खाली बसली आणि लहान पोरीसारखी हुंदके देत रडली. "नको म्हणलेत... बस म्हणलेत मला." पदराने तोंड पुसलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "कलबुर्गीला कवा जायचंय म्हणलास?"

ऑपरेशन झालं. अव्वा आता ठणठणीत आहे, दिवसभर आमच्यावर ओरडायला दम पुरतो तिला. मी ती कॅसेट हेडफोन लावून दोन्ही बाजूंनी ऐकली. तांब्या त्यात एकदाच वाजतो. टिंग-टिंग कुठेच नाही. करंट गेल्यावर अॅम्प्लिफायरमध्ये क्षणभर जीव उरतो हे मलाही ठाऊक आहे, पण थांबलेली कॅसेट काय वाजवणार? आणि तांब्या घरात आहेच कुठे? अप्पांच्या मागे अव्वाने तो मठात देऊन टाकला होता. विचार करून डोकं पिकलं, उत्तर सापडलं नाही. तुमच्यापैकी कुणाला सापडलं तर कळवा.

सिस्टीमची पिन मी काढून ठेवली आहे. मधूनच अव्वा म्हणते, "लाव की रे बसू. दोनदा वाजलं तर बसते मी." एकदाच वाजलं तर काय, ते ती सांगत नाही... आणि मी विचारत नाही.