मेजरची डावी कूस

आमच्याकडे फौजेतून परत आलेला कुणीही माणूस मेजर असतो. तिकडे तो भाकऱ्या भाजत असो, ट्रक चालवत असो, नाहीतर बर्फात बंदूक घेऊन उभा असो, पेन्शनीत निघून आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावच्या स्टँडवर जीपमधून उतरला की झाला मेजर. दुकानदार "या मेजर, बसा" म्हणतो, लेकरं "मेजर आजोबा" म्हणतात. मी लग्न होऊन आले तेव्हा सासऱ्यांचं खरं नाव कळायच्या आधी मला हे नाव कळलं. घरात मी त्यांना मामा म्हणते, आमच्यात सासऱ्याला तसंच म्हणायची रीत आहे. पण बाहेर कुणी विचारलं, कुणाची सून, तर मीही "मेजरची" असंच सांगत आले. हा एक हुद्दा असतो आणि त्याच्या खाली पुष्कळ पायऱ्या असतात, हे मला कुणी सांगितलं नाही. मीही कधी विचारलं नाही. विचारून मला कुठं लढाईवर जायचं होतं?

मामांना लकवा मारला आणि डावं अंग गेलं. जीभ शाबूत राहिली, त्यामुळे रागही शाबूत राहिला. त्यांना उठवणं, बसवणं, अंग धुणं, धोतर बदलणं हे सगळं आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, करायच्या. मी डोक्यावर पदर घेऊन ताट उंबऱ्याच्या आत सरकवायची, एवढाच माझा त्या खोलीशी संबंध. सून सासऱ्यासमोर खाली बसत नाही, मग अंगाला हात लावणं तर सोडूनच द्या. हे सगळं मला मान्य होतं अशातला भाग नाही, पण सोयीचं होतं. खोटं कशाला बोलू?

मग आत्याबाई न्हाणीत घसरल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. हात प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी. माझे मालक वसमतकडे साखर कारखान्यावर कामाला, गाळपाचा हंगाम जोरात. फोन केला की म्हणायचे, "सुट्टी मिळून न्हाई राहिली, तू बघ कसंतरी." कसंतरी म्हणजे कसं, ते मात्र सांगायचे नाहीत.

त्याच सुमारास पडून पडून मामांच्या डाव्या खुब्यावर जखम झाली. डॉक्टर घरी येऊन बघून गेले तेव्हा ती रुपयाएवढी होती म्हणे. म्हणे, कारण मी दाराबाहेर होते. डॉक्टरांनी जाताना मला अंगणात थांबवून सांगितलं, "सलाईनच्या पाण्यानं रोज धुवा, पट्टी बदला, आणि त्या कुशीवर अजिबात झोपू देऊ नका. चिघळली तर विष अंगात चढेल. मग माझ्या हातात काही राहणार नाही." मी आत जाऊन ते मोठ्यानं सांगितलं. मामांनी ऐकून घेतलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. भिंत त्यांच्या डावीकडे होती. म्हणजे पुन्हा त्याच खुब्यावर.

"मामा, मी धुते," मी म्हटलं.

"तू?" ते भिंतीलाच म्हणाले. "सुनंच्या हातानं धुऊन घेण्यापरीस मरण आलेलं बरं. जा तू."

आत्याबाईंनी एका हातानं करून पाहिलं. त्यांच्या हातून तांब्या निसटला, अंथरूण भिजलं, मामा ओरडले, त्या रडल्या. गावात दोघातिघा माणसांना विचारलं, मजुरी देते म्हटलं. एकानं तर तोंडावर सांगितलं, "वहिनी, नांगराला यीन, फवारणीला यीन, हे काम न्हाई होणार." खोलीत वास यायला लागला. पहिल्यांदा मला वाटलं धान्याच्या कणग्यांमागे उंदीर मेला असेल. मी सगळ्या कणग्या हलवल्या, झाडून काढलं, धूप घातला. मग कळलं की वास खाटेकडून येतो आहे.

माजी सैनिकांच्या घरी सेवेला माणूस पाठवणारी एक संस्था शहरात आहे, असं नणंदेला कुठूनसं कळलं होतं. मी फोन लावला. पलीकडची बाई गोड बोलली, पण तिची माणसं कमी होती, वेळ लागणार होता. मग सहज विचारल्यासारखं तिनं विचारलं, "हुद्दा काय होता त्यांचा?"

"मेजर," मी म्हटलं.

"अहो, मेजर साहेब! मग आधी नाही का सांगायचं? उद्याच पाठवते कुणालातरी."

मी फोन ठेवला आणि देवापुढे साखर ठेवली.

दुसऱ्या दिवशी जो माणूस आला तो औंढ्याकडच्या एका तांड्यावरचा. मिशीला कलप, पाठीवर हिरवी बॅग, गालात तंबाखू. स्वतः फौजेतून निवृत्त झालेला. आधी कुठल्याशा गोदामावर रखवाली केली, गुडघे बोलायला लागले तेव्हा हे आजाऱ्यांचं काम शिकला. हे सगळं त्यानं चहा संपायच्या आत सांगितलं, आणि चहात आलं कमी आहे हेही सांगितलं. मग त्यानं चूळ भरली, शर्ट खोचला, मामांच्या खोलीच्या उंबऱ्यावर जाऊन टाचा जुळवल्या आणि खाडकन सॅल्यूट ठोकला. "जय हिंद, साब!"

मामांचा उजवा हात उठला. अर्ध्यावर आला आणि तिथंच थांबला. चेहरा असा झाला की मला वाटलं, लकव्याचा दुसरा झटका आला. मग त्यांनी हात खाली घेतला आणि भिंतीकडे वळले.

त्या दिवशी त्यांनी त्याला अंगाला हात लावू दिला नाही. त्यानं पाणी कोमट केलं, गार झालं, पुन्हा कोमट केलं. दुसऱ्या दिवशीही तेच. तो आपला "साब, बस दो मिनिट", "साब, तकलीफ नहीं दूँगा" करत खाटेभोवती फिरत होता, आणि प्रत्येक "साब"ला मामांचं डोकं आणखी उशीत जात होतं. वरून जेवणही बंद केलं. अंग तापलेलं वाटतंय, असं आत्याबाई म्हणाल्या. मी दाराशी उभी राहून दात ओठ खात होते. इतक्या मिनतवाऱ्या करून माणूस मिळवला, आणि हे म्हातारं हट्टाला पेटलेलं. तो मिशीवाला परसात तोंड धुवायला गेला तेव्हा मामांनी मला हाक मारली.

"फोनवर काय सांगितलं तुनं?"

"काय म्हणजे? खरं ते सांगितलं. हुद्दा विचारला, मेजर म्हणलं."

मामांनी डोळे मिटले. "अगं, मी नाईक. नाईक! मेजर अफसर राहतो. त्याच्या गाडीचं दार आमी उघडून देत होतो."

"मग गाव काहून म्हणतं?"

"गाव कंपाउंडरला बी डाक्टर म्हणतं." त्यांचा श्वास वर चढला होता. "फौजेत खोटा हुद्दा सांगणं म्हणजे गुन्हा हाय. त्यो माणूस मला अफसर समजून सलाम करून राहिला, अन् मी त्याच्याकडून घाण धुऊन घेऊ? आताच्या आता फोन कर अन् खरं काय ते सांग."

"न्हाई करणार," मी म्हटलं.

लग्न झाल्यापासून मी त्यांना पहिल्यांदा नाही म्हटलं होतं. मामा माझ्याकडे बघतच राहिले. मला त्याचं तेव्हाही वाईट वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. फोन केला असता तर तो माणूस आल्या पावली परत गेला असता, आणि पुढचा कधी आला असता देव जाणे. माणूस जगला तर हुद्द्याचं बघता येईल. मेल्यावर त्याला जनरल म्हटलं तरी काय उपयोग?

मी बाहेर आले तर तो परसाच्या दारात टॉवेल घेऊन उभा. त्यानं ऐकलं होतं. सगळं.

मला वाटलं, हसेल. आमच्याच भागातला माणूस, त्याच्या तांड्यावरही त्याला मेजरच म्हणत असतील. पण तो हसला नाही. त्याचा चेहरा लाल झाला. "ताई," तो म्हणाला, "मी हवालदार म्हणून रिटायर झालो. हवालदार नाईकाच्या वर राहतो, माहीत हाय का तुम्हाला? अन् मी दोन दिवसांपासून नाईकाला सलाम ठोकून राहिलो! साब साब करून राहिलो!" त्यानं बॅग उचलली. आत त्याचा साबण, वस्तरा, कपडे भराभर गेले. गोरेगावची जीप यायची वेळ झालीच होती.

आत्याबाई मोडक्या हातानिशी त्याच्या वाटेत उभ्या राहिल्या. "बाबा, नको रे जाऊस," एवढंच त्यांना बोलता आलं. आतून मामांचा आवाज आला, "जाऊ द्या त्याला. बराबर हाय त्याचं. वरच्या हुद्द्याच्या माणसानं खालच्याची घाण न्हाई काढायची."

आणि मग माझं डोकंच फिरलं. मी अंगणाच्या मधोमध उभी राहून ओरडले, शेजारणी भिंतीवरून डोकावल्या तरी ओरडले. "एकाला वरचा हुद्दा नडतो, एकाला खालचा नडतो! अन् तिकडं त्यो खुबा सडून राहिला, त्या पुवाला माहीत हाय का कोण हवालदार अन् कोण नाईक? जा तुमी! अन् मामा, तुमी बी मरा तिकडं भिंतीकडं तोंड करून! मी गावाला सांगीन, आमचे मेजर मानपानात गेले म्हणून!"

सासऱ्याला मरा म्हटलं. भर अंगणात. आत्याबाईंनी कपाळाला हात लावला.

हवालदार बॅग खांद्याला लावून उभा होता. माझ्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं. रस्त्यावर जीपचा हॉर्न वाजला. त्यानं तोंडातली तंबाखू थुंकली, बॅग खाली टाकली आणि ताडताड आत गेला. सॅल्यूट नाही, साब नाही.

"नाईक!" त्याचा आवाज घरभर घुमला. "दायीं करवट!"

मग खाट करकरली. मी दाराच्या फटीतून पाहिलं. मामांनी चांगल्या हातानं खाटेची कड धरली होती आणि उजव्या कुशीवर वळत होते. एवढे दिवस कुणाच्या बापाला न वळलेला माणूस वळत होता. "और थोडा," हवालदार म्हणाला. "जी, सर," मामा म्हणाले. मला हसू आलं आणि तितक्यात रडूही आलं. वाटलं, सुटलो आपण.

हवालदारानं मामांचं धोतर सोडलं, डॉक्टरांच्या वेळेपासूनची चिकटलेली पट्टी पाण्यानं भिजवून हळूहळू ओढली. मग त्यानं मागं न बघता हाक मारली, "ताई, आत या."

"ती न्हाई," मामा म्हणाले.

"हुकूम है," हवालदार म्हणाला. "मी काय जन्मभर ऱ्हाणार न्हाई इथं. या ताई."

मी आत गेले. पदर घसरला तो मी सावरला नाही. खुब्यावर वाटीएवढा खड्डा होता. कडा पिवळ्या, मधे काळं, आणि आत खोलवर काहीतरी पांढरं दिसत होतं. हवालदार हळू आवाजात म्हणाला, "धुऊन पट्टी बांधू, अन् आजच हिंगोलीला न्यावं लागंल. गाडी सांगा कुणाची." मी मान हलवली. पण माझा सगळा राग पुन्हा उसळून आला होता. "मामा, एवढं होईस्तोवर बोलला न्हाई तुमी? कशासाठी? कुणाला दाखवायला?"

"काय बोलायचं त्यात?" मामा भिंतीकडे पाठ करून, दाराकडे बघत म्हणाले. "जरासं खरचटलं तर गावभर बोभाटा करून राहिली तू. मुंगी चावल्याइतकं बी दुखत न्हाई."

ते डावं अंग होतं. त्यांना तिथलं काही कळतच नव्हतं, आणि मान वळवून दिसतही नव्हतं. बाकी कुणाला त्यांनी बघू दिलं नव्हतं. इतके दिवस ते जिवावर उदार होऊन अब्रू राखत होते असं मी समजत होते. ते तर एका ओरखड्यासाठी अब्रू कशाला घालवायची, एवढंच म्हणत होते.

मी मोबाईल काढला. जवळून फोटो घेतला आणि खाटेला वळसा घालून त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. आत्याबाईंनी दारातून चष्मा आणून दिला, मी तो त्यांच्या नाकावर चढवला.

"कोणाचं हाय हे?" मामांनी विचारलं.

त्यांनी हवालदाराकडे पाहिलं, त्यानं नजर खाली घातली. मामांनी चांगल्या हातानं मोबाईल घेतला, जवळ नेला, लांब नेला.

"हे माझं हाय?"

"व्हय, मामा."

त्यांनी मोबाईल उशीवर पालथा ठेवला. हवालदारानं हातमोज्यांचा एक जोड माझ्यापुढे केला, तो मी चढवला. पाणी कोमट होतं.

"धू बाई," मामा म्हणाले. "दुखलं तर सांगतो."

मी रडत रडत सगळं धुतलं. त्यांना काहीच दुखलं नाही.